दाजींनी बसवलेला क्लच

देवानं सृष्टी निर्माण केल्यावर ती आधी आमच्या दाजींना दाखवली असती, तर आज आपल्यापैकी कुणीच इथं नसतं. डोंगर वाकडे, नद्या तिरक्या, चंद्र एका बाजूनं झिजलेला, आणि माणसाचा गुडघा तर मुळातच चुकीच्या जागी, असं म्हणत दाजींनी सगळा माल पहिल्याच दिवशी परत पाठवला असता. देवानं हात जोडून विचारलं असतं, "मग ठेवू तरी काय?" तर दाजी विचार करून म्हणाले असते, "सूर्य राहू द्या. गोल आहे."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. दुसऱ्यांनी घडवलेले लोखंडी भाग हातात घ्यायचे, मोजायचे आणि जमले नसतील त्यांवर लाल खडूनं फुली मारायची, हा त्यांचा व्यवसाय. दिवसभर फुल्या मारून माणसाचं पोट भरायला हवं, पण दाजींचं भरत नसे. उरलेल्या फुल्या ते घरी घेऊन येत. भाजीवाल्याची भेंडी नापास, न्हाव्यानं काढलेला भांग नापास, शेजाऱ्यानं रंगवलेलं फाटक नापास. अक्कानं वाढलेली भाकरी ते आधी उजेडाकडं धरत आणि "एका कडेनं जाड झाली" असं म्हणून मग मोडत. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी मापाची स्टीलची पट्टी असे. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी त्या पट्टीनं भाकरीची कड खरोखर मोजली, तेव्हा अक्का तवा तसाच चुलीवर सोडून सोयगावला, आमच्या घरी, निघून आली. काही दिवसांनी दाजी तिला न्यायला आले. आमच्या आईनं वाढलेली भाकरी त्यांनी मुकाट्यानं खाल्ली आणि हात धुता धुता म्हणाले, "हिची यापेक्षा बरी असते." आईला तो अपमान वाटला आणि अक्काला कौतुक. मला विचाराल तर ते दोन्ही नव्हतं, ते नुसतं माप होतं. पण अक्का तेवढ्यावर पिशवी भरून परत गेली, आणि बायका किती थोडक्यावर परत जातात याचा मला तेव्हापासून राग आहे.

आमचे वडील गेले तेव्हाची गोष्ट. तिरडी उचलली, बायकांनी हंबरडा फोडला, चार पावलं गेली नाहीत तोच दाजींनी पुढं होऊन हात आडवा केला. "खाली ठेवा. डावीकडं कलतीय." सगळे थिजून उभे राहिले. दाजींनी खांदेकऱ्यांना उंचीप्रमाणं शेजारी शेजारी उभं केलं, दोघांना बदललं, एकाला चप्पल काढायला लावली आणि मग म्हणाले, "आता चला." आमचे चुलते संतापले होते. पण पुढच्या वाटेवर वडील असे सरळ, निवांत गेले की ज्यानं त्यानं नंतर तेच सांगितलं. मी मात्र त्या दिवशी रडायचं विसरून दाजींकडं बघत राहिले आणि मनात म्हणाले, हा माणूस एक दिवस कुणाच्या तरी हातचा मार खाईल.

तो दिवस माझ्या हातून यायचा होता, पण मी भित्री निघाले. मला बघायला जालन्याहून एक मुलगा आला होता. गोरा, हसरा, डॉक्टरी शिकत असलेला. पोहे झाले, प्रश्न झाले, मुलगा स्कूटरवर बसून निघून गेला. दाजी त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन खुर्चीत बसत म्हणाले, "नापास."

"काय खोट काढली आता?" आईनं विचारलं.

"क्लचची मूठ धड सोडत नाय आन धड दाबत बी नाय. अर्धी धरून गाडी रेटतो. इंजिन बोंबलतंय, चाक फिरंना. असा माणूस संसारात बी तेच करणार."

आणि वडिलांमागं घरात कर्ता पुरुष म्हणून दाजींचाच शब्द चालत असल्यानं तो मुलगा गेला. नंतर दाजींनी ज्याला पास केलं त्याच्याशी माझं लग्न झालं. माझे यजमान गाडी फार सुरेख चालवत. गाडीखेरीज दुसरं काहीच त्यांनी आयुष्यात चालवलं नाही, घर नाही आणि धंदाही नाही. घर मी, अक्काच्याच गल्लीत राहून, शाळेत पोरांना शिकवून चालवलं. जालन्याचे ते डॉक्टर पुढं याच शहरात आले, त्यांची बायको मला गुलमंडीवर भेटते, भरल्या पिशव्या सांभाळत हसते, आणि मी घरी येऊन अक्काला म्हणते, "तुझ्या नवऱ्याला सांग, डॉक्टर अजूनही अर्धा क्लच धरूनच चाललेत."

अशा या माणसाच्या आयुष्यात एक गोष्ट आली जिला ते नापास करू शकले नाहीत. दौलताबादच्या रस्त्याला, पडेगावच्या पुढं, दाजींची स्कूटर पंक्चर झाली. मागं अक्का बसलेली. ऊन कडक, म्हणून दोघं रस्त्यालगतच्या एका आमराईत पाणी मागायला शिरले. तिथं एक म्हातारे गृहस्थ खाटेवर बसून आंब्याच्या पाडावर नजर ठेवून होते. सगळे त्यांना बडे मियाँ म्हणत. पोलीस ॲक्शनच्या आधी त्यांच्या घराण्याकडं जहागीर होती. ती गेली, भाऊबंद कुणी हैदराबादला, कुणी समुद्रापार गेले, आणि बडे मियाँ एक विहीर, काही झाडं आणि पडक्या तबेल्यातली एक मोटार घेऊन मागं राहिले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी दाजींना सहज तबेला दाखवला. आत लाल रंगाची, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी इंग्लिश बनावटीची गाडी होती. शर्यतीच्या गाडीसारखी बसकी, टपाविना. सीटवर कोंबडी अंडी उबवत होती.

"इंजन कहाँ है?" दाजींनी विचारलं.

"वो तो कुएँ पे मर गया," बडे मियाँ म्हणाले. दुष्काळाच्या वर्षी पंप चालेना, म्हणून त्यांनी गाडीचं इंजिन काढून विहिरीवर बसवलं होतं. झाडं जगली, इंजिन जळालं. "आम खाव साहब, उसीच इंजन के आम हैं."

अक्का सांगते, दाजींनी त्या गाडीभोवती एक फेरी मारली, दाराच्या फटीतून बोट फिरवलं, पट्टी खिशातून काढली आणि न मोजताच परत ठेवली. त्या क्षणी आपल्या घरात सवत आली हे तिला कळलं.

त्या दिवसापासून दाजींचे रविवार पडेगावला गेले. गाडीत दुसरं इंजिन बसवायचं ठरलं. भंगार बाजारातून एका जुन्या टॅक्सीचं धडधाकट इंजिन मिळालं. मला वाटलं, झालं, आता दोन नटबोल्ट आवळायचे की गाडी चालू. दाजींनी माझ्याकडं पहिलीतल्या पोराकडं बघावं तसं बघितलं. मग त्यांनी आमच्या जेवणाच्या ताटावर वाटी पालथी घालून मला समजावलं. इंजिनाच्या पाठीला एक जाड, वजनदार लोखंडी चाक असतं, ते फ्लायव्हील. इंजिनाचे धक्के ते पोटात घेतं. त्याला चिकटते ती क्लचची प्लेट. पायाखालचा क्लच सोडला की प्लेट चाकाला धरते आणि गाडी चालते. दाबला की सोडते आणि गाडी थांबते. आता आमचं इंजिन टॅक्सीचं आणि गिअरबॉक्स विलायती. चाक इंजिनाला बसलं पाहिजे, प्लेटच्या मधल्या भोकाचे दाते गिअरबॉक्सच्या दांड्याला बसले पाहिजेत, आणि चाकाच्या कडेचे दाते गाडी सुरू करणाऱ्या सेल्फच्या दात्यांत गुंतले पाहिजेत. "तीन घरची माणसं एका पंगतीला बसवायची," दाजी म्हणाले, "आन कुणी रुसायला नाय पाहिजे." माझ्या लग्नात एवढी काळजी घेतली असती तर, असं मी म्हणाले. दाजींनी ताट ओढून घेतलं आणि जेवायला लागले.

वर्षं गेली. वर्षं म्हणजे खरंच वर्षं. मधल्या काळात माझे यजमान वारले आणि अक्काची एकुलती मुलगी शिकून लग्नाची झाली. टॅक्सीच्या क्लचप्लेटचा मधला भाग कापून काढायचा आणि जुन्या विलायती प्लेटचा मधला भाग तिथं रिवेट करून बसवायचा, एवढ्या एका कामाला दाजींनी किती कारागीर थकवले! एकाचं रिवेट बसकं, दुसऱ्याची प्लेट फिरताना केसभर डुलायची. सगळ्यांवर फुल्या. ज्याच्याकडं चांगलं लेथ मशीन होतं तो एकच माणूस शेवटी दाजींना दुकानात उभं करायचा, तोही कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी. तशी एक सुट्टी नेमकी मुलीच्या हळदीच्या दिवशी आली. दाजी "आलोच" म्हणून गेले. हळद झाली, बांगड्या झाल्या, पाहुणे विचारून विचारून दमले, आणि नवरीचा बाप दिवेलागणीला काळ्या हातांनी, उजळलेल्या चेहऱ्यानं दारात उभा. "जमलं!" ते म्हणाले. अक्का पुढं झाली. तिनं त्यांना मोरीवर नेलं, रॉकेल आणि राखेनं त्यांचे हात घासले, कातडी लाल होईपर्यंत घासले. दुसऱ्या दिवशी कन्यादानाला त्या हातांच्या रेघांत काळं तसंच होतं. मुलीनं ते बघितलं आणि तोंड फिरवलं. नाशकाला सासरी गेल्यावर ती आईला पत्र लिहायची, आणि खाली एका ओळीत "बाबांना नमस्कार" असायचा.

हसण्यासारखंही पुष्कळ झालं, नाही कसं म्हणू. चाकाच्या कडेची दात्यांची रिंग चांगली तापवून चाकावर चढवावी लागते. ती थंड झाली की आवळून बसते. तापवायची कशावर? बडे मियाँच्या घरी नातीचा अकीका, म्हणजे बारशासारखा समारंभ, होता आणि अंगणातल्या भट्टीवर बिर्याणीची देग चढलेली होती. दाजींनी भटारखान्याच्या माणसाला पटवून देग उतरवली आणि भट्टीत रिंग घातली. पंगत खोळंबली. शेरवानीतले पाहुणे देग सोडून दाजींच्या भोवती गोळा झाले, आणि रिंग खटकन चाकावर बसली तेव्हा त्यांनी "वाह वाह" केली. बिर्याणी खालून करपली होती. बडे मियाँ म्हणाले, "भाई, बिर्याणी तो रोज बनती. पय्या रोज नहीं बनता." या दोघांचं जमायचं कारण मला त्या दिवशी कळलं. एकाला काहीच पसंत पडत नसे आणि दुसऱ्याला काहीही चालत असे.

पहिल्यांदा गाडी चालू झाली तेव्हा चाक जड झालं होतं. दाजी पायानं जोर द्यायचे आणि गाडी शेणातून म्हैस उठावी तशी विचार करून उठायची. मग त्यांनी चाकाचं लोखंड लेथवर उतरवलं. पण ते जास्तच उतरलं. बडे मियाँ ठेवणीतली टोपी घालून शेजारी बसले, दाजींनी क्लच सोडला, गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. बडे मियाँची कवळी तोंडातून निघून समोरच्या काचेवर आपटली. त्यांनी ती शांतपणे उचलून रुमालात बांधली आणि बोळक्या तोंडानं म्हणाले, "हलका हो गया, नै?" दाजी तसेच भंगार बाजारात गेले. पुन्हा दुसरं चाक शोधलं, पुन्हा दाते, पुन्हा लेथ. त्या सगळ्या काळात अक्काच्या स्वयंपाकघराचं छप्पर गळत होतं. तिनं ते दाखवलं की दाजी वर बघून म्हणत, "पत्र्याचा उतार चुकलाय," आणि पडेगावला जात.

आणि एका रविवारी ते जमलं. दाजी गाडी घेऊन थेट आमच्या गल्लीत आले. अक्काला म्हणाले, "बस." अक्का दारात उभी राहून म्हणाली, "माझ्या सवतीच्या मांडीवर मी बसणार नाय." मग मी बसले. का बसले माहीत नाही, बहुधा कडवट बोलायला काहीतरी नवीन मिळेल म्हणून. दाजींनी मला हातात चहाचा भरलेला कप धरायला सांगितला. मी म्हटलं, साडी खराब होईल. ते म्हणाले, "धर." मी कपाकडं बघत बसले, आता सांडेल, मग सांडेल, आणि वर पाहिलं तर आमचं घर मागं गेलेलं होतं. निघालो कधी ते मला कळलंच नव्हतं. छावणी ओलांडली, दौलताबादचा रस्ता लागला, वाऱ्यानं माझा अंबाडा सुटला, दाजी गिअर बदलत होते आणि ते मला फक्त आवाजावरून समजत होतं. आयुष्यात कुणीतरी एक गोष्ट इतकी नीट केलेली मी कधी बघितली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. हा माणूस इतकं जुळवू शकत होता, इतक्या हळुवार हातानं, आणि त्यातलं काहीच आमच्या वाट्याला आलं नव्हतं.

आमराईत बडे मियाँ खाटेवरून उठून आले. भरलेला कप पाहून त्यांनी तो माझ्या हातून घेतला, एका दमात प्याले आणि दाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ये तुम्हारीच है. मैं बोल दिया. ले जाव." दाजी म्हणाले, "अजून थोडं काम आहे." गाडी तबेल्यातच राहिली. काम काहीच उरलं नव्हतं, हे मलाही दिसत होतं. पण दाजींना गाडी घरी नेऊन करायचं तरी काय होतं!

बडे मियाँ पुढच्या हिवाळ्यात गेले. त्यांचा हैदराबादला राहणारा मुलगा आला. सज्जन, मऊ बोलणारा, वाटणीच्या भानगडीनं बेजार झालेला माणूस होता. त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्यानं दाजींना निरोप पाठवला, "चाचा, मुंबईचे एक साहेब गाडी बघायला येणार आहेत, तुम्ही असलात तर बरं." दाजींनी बडे मियाँचा शब्द कुणाला सांगितला नव्हता. मी सांगते म्हटलं तर माझ्यावर डाफरले, "मी काय गाडी घ्यायला जात होतो का? क्लच बसवायला जात होतो." त्या दिवशी मात्र त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. येणारा जाणकार असणार, तो विचारणार, चाक कसं जमवलं, प्लेट कुणी रिवेट केली. आणि आपण सांगणार. त्यांचा चेहरा बघून अक्का आपणहून म्हणाली, "आम्ही बी येतो." बडे मियाँच्या घरच्या बायकांना भेटायचं निमित्त होतंच.

मुंबईचे साहेब जुन्या गाड्यांचे शौकीन होते. त्यांनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "ये टॅक्सी का इंजन? किस बेवकूफ का काम है?"

बडे मियाँच्या मुलानं मान खाली घातली. दाजी पुढं झाले आणि म्हणाले, "मेरा."

"अंकल, आपने तो गाडी बरबाद कर दी. ओरिजिनल इंजन किधर है?"

मुलानं विहिरीकडं बोट केलं. साहेब तिकडं धावले. तिथं घाणेरीच्या झुडपात ते जळकं, गंजलेलं इंजिन पडून होतं, त्यात सरड्यानं घर केलेलं. साहेबांनी रुमालानं त्याचा एक कोपरा पुसला, गाडीवर कोरलेला इंजिनाचा आकडा आठवून ताडून पाहिला आणि लहान मुलासारखे ओरडले, "नंबर मिलता है! यही चाहिए." ते दाजींच्या इंजिनाकडं परत वळलेसुद्धा नाहीत. आपल्या माणसाला म्हणाले, "ये सब निकाल के फेंक देना. ट्रक बुलाव."

दाजी तसेच उभे होते. इस्त्रीच्या शर्टात. एवढी वर्षं जगावर फुल्या मारलेल्या माणसावर कुणीतरी, न मोजता, फुली मारली होती. मला वाटलं होतं, असा प्रसंग आला की मला गारगार वाटेल. तसं काही झालं नाही.

तेवढ्यात अक्का पदर खोचून पुढं आली. "ओ साहेब, तुम्ही गाडी चालवून बघितली का?"

"मॅडम, चालवायची गरज नाही. हे सगळं काढायचंच आहे."

"चालवली नाय, बसला नाय, आन बेवकूफ कुणाला म्हणता? ह्या माणसानं ह्याच्यापायी पोटच्या पोरीच्या हळदीला तोंड दाखवलं नाय. माझं छप्पर गळत ठेवलं. ह्याला शिव्या द्यायचा हक्क माझा हाय, मी लई दिल्या, अजून बी देईन. तुम्हाला तो हक्क कुणी दिला?" साहेब काही बोलायच्या आत ती बडे मियाँच्या मुलाकडं वळली. "बेटा, ट्रक येईपर्यंत गाडी तुमचीच ना? एक चक्कर मारू?"

मुलगा म्हणाला, "हौ, खाला. बिलकुल."

अक्का गेली आणि दार उघडून गाडीत बसली. "अहो," ती दाजींना म्हणाली, "चला."

दाजी निघाले. गाडी आमराईतून कशी सरकली ते मी पाहिलं, आणि साहेबांनीही पाहिलं. त्यांचं बोलणं मध्येच थांबलं, एवढं मला पुरलं. दोघं दौलताबादच्या दिशेनं दिसेनासे झाले आणि बऱ्याच वेळानं परत आले. तेव्हा ट्रक येऊन उभा होता. मी अक्काला नंतर पुन्हा पुन्हा विचारलं, काय बोललात? ती म्हणाली, "काय बोलायचं? रस्ता बघत होते." खूप दिवसांनी, लसूण सोलता सोलता, आपणहून तिनं एवढंच सांगितलं, "धक्का म्हणून बसला नाय बघ कुठं."

गाडी गेली आणि दाजी सगळं पास करायला लागले. भाजी कसलीही आणा, चांगली आहे. फाटक कसंही रंगवा, छान झालं. त्यांनी छपराचा पत्रा बदलून घेतला आणि कारागिरानं वाकडा ठोकलेला खिळा बघून मान हलवली. एकदा अक्कानं मुद्दाम एक कड जाड, एक कड कच्ची अशी भाकरी त्यांच्या ताटात टाकली आणि समोर बसून राहिली. दाजींनी ती कालवणात कुस्करून खाल्ली आणि म्हणाले, "अजून अर्धी वाढ." अक्का चुलीकडं तोंड करून रडली. तिचं सगळं आयुष्य ज्या कटकटीनं गेलं, ती गेल्याचं ती रडत होती, आणि मला तिचा इतका राग आला की मी घरी निघून आले.

मग काही वर्षांनी आमच्या शहरात जुन्या मोटारींची मिरवणूक आली. दाजी सत्तरी ओलांडून गेले होते, गुडघे कुरकुरत होते. अक्काला बरं नव्हतं म्हणून मी त्यांना घेऊन क्रांती चौकात गेले. लोक दुतर्फा दोरामागं उभे, पोरांच्या हातात फुगे. एकेक गाडी पों पों करत गेली आणि मग ती आली. लाल रंग आरशासारखा झाला होता. चालवायला तेच मुंबईचे साहेब, डोक्यावर विलायती टोपी. आत तिचं मूळचं इंजिन, नंबर जुळलेलं. चौकात पोलिसानं हात दाखवला, साहेब थांबले, आणि निघताना गाडीनं गचका खाल्ला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा गचका. मागच्या गाड्या खोळंबल्या, लोक खिदळायला लागले, कुणीतरी ओरडलं, "टांगा बोलवा!" मला, खरं सांगते, फार बरं वाटलं. मी दाजींकडं वळून म्हणाले, "बघा! बसला का मूळचा क्लच?"

दाजी माझ्याजवळ नव्हते. दोर ओलांडून ते रस्त्यात गेले होते. मी बघितलं, ते साहेबांच्या बाजूला वाकले होते आणि हातानं दाखवत होते, पाय असा, हळू, थोडी रेस द्या, आता सोडा, घाबरू नका. साहेबांनी त्यांना ओळखलं नाही. गर्दीतला कुणी भला म्हातारा, असं समजून ते मान डोलावत होते. सेल्फ घेईना, तसे दाजी मागं गेले आणि त्या लाल पाठीवर दोन्ही तळहात टेकून ढकलायला लागले. दोनचार माणसं मदतीला धावली. गाडी सरकली, खोकली, आणि एकदम गरजली. साहेबांनी मागं न बघता हात हलवला आणि गाडी जालना रोडला लागली.

दाजी धापा टाकत परत आले. मी रुमाल पुढं केला. दाजी गाडी गेली त्या दिशेला कान देऊन उभे होते. आवाज दुकानांच्या मागं विरत गेला, तरी ते हलले नाहीत.

"आवाज ऐकला का गं?" ते म्हणाले. "असा आवाज माझ्या इंजिनाला कधी आला नसता. ते मूळचं, तिचंच होतं."

मी म्हटलं, "चला दाजी, ऊन वाढलं." आम्ही पैठण गेटच्या बाजूनं चालत निघालो. एरवी मी त्यांच्यापुढं चार पावलं असते. त्या दिवशी ते मध्येच थांबले की मीही थांबत होते, आणि ते निघाले की मगच निघत होते.